शेजाऱ्याची दिशा

हजारो पक्ष्यांचा थवा आकाशात एकदम वळतो, तेव्हा वळण्याचा हुकूम कोणाचा असतो? एडमंड सेलस या ब्रिटिश पक्षिनिरीक्षकाने १९३१ साली या प्रश्नावर एक अख्खे पुस्तक लिहिले आणि उत्तर दिले: विचारसंक्रमण. एका पक्ष्याच्या मनात आलेला विचार त्याच क्षणी साऱ्या थव्याच्या मनात उमटतो, असे त्याचे म्हणणे. सेलस भोंदू नव्हता. पक्षी मारून त्यांची कातडी गोळा करणे हाच पक्षिअभ्यास समजला जाई, त्या काळात बंदूक बाजूला ठेवून वही-पेन्सिल घेऊन तासन्‌तास बसणाऱ्या थोड्या माणसांपैकी तो एक होता. वर्षानुवर्षे पाहूनही त्याला थव्यात पुढारी दिसला नाही, इशारा ऐकू आला नाही, आणि वळणे तर डोळ्यांसमोर घडत होते. मग उरले मन. तरीही पुस्तकाच्या नावातच त्याने ‘की आणखी काही?’ असा प्रश्न जोडून ठेवला होता. हे आणखी काही म्हणजे काय, ते कळायला पन्नासेक वर्षे गेली आणि संगणक यावा लागला.

मधल्या काळात माशांकडे बरेच लक्ष गेले. चार्ल्स ब्रीडर या अमेरिकन मत्स्यतज्ज्ञाने १९५४ मध्ये माशांच्या थव्यासाठी आकर्षण-प्रतिकर्षणाची समीकरणे मांडली होती. १९८२ मध्ये इचिरो आओकी या जपानी संशोधकाने संगणकावर मासे पोहते केले. फार जवळ आलेल्यापासून बाजूला व्हायचे, थोड्या अंतरावरच्याला समांतर पोहायचे, लांबच्याकडे सरकायचे, एवढेच त्या माशांना ठाऊक होते. पुढारी नसतानाही थवा टिकला. हा लेख मत्स्यव्यवसायाच्या नियतकालिकात छापला गेला, त्यामुळे ज्यांनी तो वाचायला हवा होता त्यांतल्या अनेकांपर्यंत तो पुष्कळ उशिरा पोहोचला.

पक्ष्यांची गाठ वेन पॉट्सने १९८४ मध्ये सैल केली. डनलिन नावाच्या छोट्या किनारपक्ष्यांच्या थव्यांचे चित्रण त्याने चौकट-चौकट करून तपासले. वळण एका पक्ष्यापासून शेजाऱ्यापर्यंत सरासरी १५ मिलिसेकंदांत पोहोचत होते. प्रयोगशाळेत मात्र अचानक दचकवल्यावर याच पक्ष्याला हालचाल करायला ३८ मिलिसेकंद लागत. म्हणजे शेजारी वळल्यावर मग आपण वळायचे, असा हिशेब बसत नव्हता. पॉट्सचे स्पष्टीकरण असे: रांगेत नाचणाऱ्या नर्तकींना दूरवरून येणारी पायांची लाट दिसत असते, त्यामुळे आपली पाळी कधी येणार हे त्यांना आधीच कळते. पक्षीही तसेच. विचारसंक्रमणाची गरज संपली, पण लाट सुरू कशी होते आणि मुळात सगळे एका दिशेला का उडतात, हे शिल्लक राहिलेच.

क्रेग रेनॉल्ड्सला या वादाशी काही देणेघेणे नव्हते. तो सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीच्या ग्राफिक्स विभागातला प्रोग्रामर, आणि त्याची अडचण साधी, पण रोजची होती. अॅनिमेशनमध्ये शंभर पक्षी उडवायचे तर शंभर मार्ग हाताने आखावे लागत, वर कोणी कोणाच्या अंगातून आरपार जात नाही हेही पाहावे लागे. रेनॉल्ड्सने मार्ग आखणेच सोडले आणि प्रत्येक पक्ष्याला स्वतःची नजर दिली. या संगणकी पक्ष्याचे नाव त्याने ‘बॉइड’ ठेवले. बॉइडला तीन सवयी होत्या: जवळच्याला धडकू नये, जवळच्यांच्या दिशेशी आणि वेगाशी आपला वेग जुळवावा, आणि जवळच्यांच्या घोळक्याच्या मध्याकडे सरकत राहावे. थव्याचा आकार प्रोग्राममध्ये कुठेही लिहिलेला नव्हता. तो पडद्यावर आपोआप उमटला. वाटेत खांब आला की थवा दुभंगे आणि पलीकडे पुन्हा जुळे.

या आपोआपपणाची किंमत वेळात मोजावी लागली. प्रत्येक बॉइडने बाकी सगळ्यांकडे पाहायचे, म्हणजे ८० बॉइडांसाठी प्रत्येक चित्रचौकटीला ६,४०० तुलना. एका चौकटीला सुमारे ९५ सेकंद लागत. दहा सेकंदांच्या चित्रणासाठी ३०० चौकटी, म्हणजे यंत्र आठ तास अडकलेले. रेनॉल्ड्सचा शोधनिबंध १९८७ मध्ये संगणक-चित्रकलेच्या सिग्राफ या परिषदेत आला, आणि त्याच वर्षी एक पक्षी व एक मासा यांची छोटी फिल्मही आली. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मधली वटवाघळे याच घराण्यातली. १९९८ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने रेनॉल्ड्सचा तांत्रिक पुरस्काराने गौरव केला. थवा थव्यासारखा दिसला की त्याचे काम होत होते. किती पक्षी असले, किती गोंधळ असला की थवा जमतो आणि कधी मोडतो, हे मोजण्याचे त्याला कारणच नव्हते.

ते कारण भौतिकशास्त्रज्ञांकडे होते. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठातले तामाश विचेक आणि तेल अवीवचे एशेल बेन-जेकब यांची गाठ पडली ती जिवाणूंमुळे. बेन-जेकब यांच्या प्रयोगशाळेत उपासमारीच्या परिस्थितीत वाढवलेल्या जिवाणूंच्या वसाहती बशीवर नक्षी काढत, आणि लाखो जीव एकत्र वाहताना दिसत. विचेक, आंद्राश त्सिरोक, बेन-जेकब, इनॉन कोहेन आणि ओफर शोखेत यांनी ऑगस्ट १९९५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये चार पानांचा लेख छापला. रेनॉल्ड्सच्या तीन सवयींपैकी त्यांनी दोन काढून टाकल्या. टक्कर टाळणे नाही, घोळक्यात शिरणे नाही. उरली ती शेजाऱ्याची दिशा.

हे प्रारूप इतके छोटे आहे की हाताने चालवून बघता येते. एका चौकोनात कण पसरलेले आहेत. प्रत्येक कण ठरलेल्या एकाच वेगाने चालतो. वेग कमी होत नाही, वाढत नाही, बदलते ती फक्त दिशा. प्रत्येक कणाभोवती १ एकक त्रिज्येचे वर्तुळ कल्पायचे आणि त्यात सापडलेल्या सगळ्यांच्या, स्वतःसकट, दिशांची सरासरी काढायची. कण स्वतः २० अंशांकडे निघाला आहे, वर्तुळातले दोन शेजारी ५० आणि ८० अंशांकडे. सरासरी ५०. आता त्यात थोडी चूक मिसळायची, फासे टाकून मिळालेली. भौतिकशास्त्रात हिला नॉइज म्हणतात. नॉइज ०.१ रेडियन असेल तर कण ४७ ते ५३ अंशांच्या दरम्यान कुठेतरी वळेल. नॉइज २ असेल तर उणे ७ ते १०७ अंशांपर्यंत कुठेही, म्हणजे चौकोनाच्या एका अख्ख्या कोपऱ्याहूनही जास्त मोकळीक. मग कण त्या दिशेने ०.०३ एकक सरकतो आणि सगळे पुन्हा सुरू.

सरासरीत एक खाच आहे, आणि हे प्रारूप पहिल्यांदा लिहिणारा विद्यार्थी हमखास तिच्यात पडतो. एक शेजारी ३५० अंशांकडे आणि दुसरा १० अंशांकडे चालला असेल तर दोघे जवळजवळ एकाच दिशेला जात आहेत. पण आकड्यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे नेमकी उलटी दिशा. म्हणून दिशांच्या साइन आणि कोसाइनची सरासरी घ्यावी लागते आणि त्यांवरून कोन परत काढावा लागतो. चौकोनाच्या कडेचाही प्रश्न असतो. उजवीकडून बाहेर पडलेला कण डावीकडून आत येतो, वरून गेलेला खालून. जुन्या मोबाइलवर सापाचा खेळ खेळलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. या कडेने पुढे जाऊन चांगलाच वाद घडवला.

लेखात ३०० कणांची चार चित्रे होती. बाजूची लांबी ७ आणि नॉइज २ असताना प्रत्येक वर्तुळात सरासरी १९ कण येतात, आणि तरीही दिशांना काही धरबंद राहत नाही. बाजू २५ करून नॉइज ०.१ वर आणली की वर्तुळात दीड-दोनच कण उरतात. मग छोटी छोटी टोळकी बनतात, प्रत्येक टोळके एकदिलाने चालते, पण टोळक्यांचे आपसांत पटत नाही. बाजू ५ आणि नॉइज ०.१ केली की सगळेच्या सगळे एका दिशेला. ती दिशा कोणती, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. सगळ्या कणांच्या वेगांची दिशेसकट बेरीज करून तिला कणांच्या संख्येने आणि वेगाने भागले की सुसूत्रतेचे एक माप मिळते: शून्य म्हणजे गर्दी, एक म्हणजे संचलन. नॉइज हळूहळू कमी केली की एका ठरावीक टप्प्याखाली हे माप शून्यावरून वर चढू लागते. भौतिकशास्त्रज्ञाला यात लगेच ओळखीचा चेहरा दिसतो. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याचे चुंबकत्व जाते, आणि थंड करताना त्याच तापमानाखाली ते परत उमटू लागते. विचेकच्या चौकोनात नॉइज हेच तापमान.

साम्य इथेच संपते, आणि इथून पुढे गोष्ट खरी रंगते. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या संशोधन केंद्रातले जॉन टोनर आणि युहाई तू यांना विचेकच्या चित्रांत एक न बसणारी गोष्ट दिसली. डेव्हिड मर्मिन आणि हर्बर्ट वॅग्नर यांनी १९६६ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, सपाट पृष्ठभागावर जागच्या जागी उभे असलेले आणि कुठल्याही दिशेला वळू शकणारे चुंबकी बाण फक्त शेजाऱ्यांकडे पाहत असतील, तर तापमान कितीही कमी असो, लांबवर एकमत टिकत नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याशी जवळपास जुळलेला असतो, पण छोट्या छोट्या चुका साठत जातात आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दिशा पार हरवते. विचेकचे कणही सपाट चौकोनात होते, तेही फक्त शेजाऱ्यांकडे पाहत होते, तरी त्यांचे एकमत टिकत होते.

टोनर आणि तू यांनी १९९५ मध्येच समीकरणे मांडून कारण शोधले: कण चालतात. उभ्या बाणाचे शेजारी जन्मभर तेच, त्यामुळे एकाची चूक शेजारून शेजारी झिरपत, फार मंदपणे पसरते. चालणाऱ्या कणाची दिशा जरा चुकली की तो बाजूला सरकतो, नव्या शेजाऱ्यांत जातो, आणि ते त्याला ताळ्यावर आणतात. चूक वाहून जाते आणि वाहता वाहता विरते. द्रवाच्या प्रवाहासारखी ही समीकरणे आज त्या दोघांच्या नावाने ओळखली जातात. त्यांत घातांकांचे जे आकडे त्यांनी नेमके म्हणून दिले होते, ते तसे नेमके ठरवता येत नाहीत, हे पुढे २०१२ मध्ये टोनर यांनी स्वतःच दाखवले. आपल्याच गाजलेल्या निकालाला असे तपासून छापणारे फार नसतात. २०२० मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीचे लार्स ऑन्सागर पारितोषिक टोनर, तू आणि विचेक यांना एकत्र मिळाले.

चौकोनाच्या कडेचा वाद २००४ मध्ये उफाळला. ग्योम ग्रेग्वार आणि ह्यूग शाते या फ्रेंच संशोधकांनी तेच प्रारूप, पण बराच मोठा चौकोन आणि कितीतरी जास्त कण घेऊन चालवले. त्यांच्या पडद्यावर सुसूत्रतेचे माप हळूहळू चढत नव्हते, ते उडी मारत होते. पाणी उकळताना जसा मधला टप्पा नसतो, तसे. शिवाय बदलाच्या जागेजवळ दाट कणांचे लांबलचक पट्टे तयार होत आणि समुद्राच्या लाटांसारखे आडवे पुढे सरकत. पट्ट्यात शिस्त, दोन पट्ट्यांच्या मध्ये विरळ गोंधळ. विचेकच्या मूळ चौकोनात असा पट्टा मावलाच नसता, म्हणून तिथे सगळे गुळगुळीत दिसले, असा त्यांचा दावा होता. विचेक यांच्या गटाने २००७ मध्ये उत्तर दिले: पट्टे नेमके चौकोनाच्या बाजूंना धरून का चालतात ते पाहा. उजवीकडून गेलेले डावीकडून येण्याच्या सोयीतूनच ते जन्मलेले नाहीत कशावरून? कण सावकाश चालवले तर बदल सलगच दिसतो.

एका साध्या प्रारूपावर एवढी वर्षे घासाघीस व्हावी याचे बाहेरच्याला नवल वाटेल. पण मुद्दा क्षुल्लक नव्हता. संगणकावरचा चौकोन नेहमी सान्त असतो आणि प्रश्न अनंत चौकोनाबद्दल असतो. कुठे थांबायचे हे चौकोन स्वतः सांगत नाही. शाते यांच्या गटाने २००८ मध्ये आणखी मोठी गणना केली. अलेक्झांड्र सोलों, शाते आणि ज्युलियां तायर यांनी २०१५ मध्ये या बदलाची तुलना वाफ आणि पाणी शेजारी शेजारी नांदतात त्या अवस्थेशी केली. फरक एवढाच की इथे सगळे ‘पाणी’ एका जागी गोळा होत नाही, ते ठरावीक अंतरावरच्या पट्ट्यांत विभागले जाते. आज बहुतेक अभ्यासक उडीच्या बाजूचे आहेत.

टोनर आणि तू यांच्या सिद्धांताचे एक विचित्र भाकीत होते आणि त्याचा सर्वांत हातात धरता येण्यासारखा पुरावा बेंगळुरूत मिळाला. साध्या हवेत एखाद्या भागात सरासरी १०,००० रेणू असतील तर ती संख्या १०० इकडे-तिकडे होते, म्हणजे वर्गमुळाएवढी. थव्यात हा चढउतार कितीतरी मोठा असला पाहिजे, असे समीकरणे सांगत. भारतीय विज्ञान संस्थेतले श्रीराम रामस्वामी, त्यांच्या विद्यार्थिनी आदिती सिंहा आणि टोनर यांनी २००३ मध्ये दाखवले की पुढे-मागे असा भेद नसलेल्या, नुसत्या लांबट कणांच्या थव्यात तर तो थेट संख्येच्या पटीत वाढायला हवा. २००७ मध्ये विजय नारायण, रामस्वामी आणि नारायणन मेनन यांनी तांब्याच्या तारेचे काही मिलिमीटर लांबीचे तुकडे कापले, रसायनाने त्यांची टोके झिजवून त्यांना लाटण्याचा आकार दिला आणि एका सपाट थरथरत्या तबकावर पसरले. तबकाची थरथर वर-खाली, पण लाटणी मात्र आडवी सरकत. त्यांत कुठे दाटी, कुठे ओसाडी, आणि हे चढउतार बराच वेळ विरतच नव्हते. ना जीव, ना डोळे, ना शेजाऱ्याकडे पाहण्याची इच्छा. रामस्वामी, अजय सूद आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये एका टोकाला निमुळत्या पितळी काड्या अॅल्युमिनियमच्या मण्यांत मिसळून थरथरवल्या. काड्या विरळ असल्या तरी त्यांचा थवा जमला, कारण एकीची चाल दुसरीपर्यंत मणी पोहोचवत होते. स्वतःच्या बळावर चालणाऱ्या अशा कणांच्या समूहाला आता सक्रिय द्रव्य म्हणतात, आणि त्याच्या अभ्यासात बेंगळुरूचे नाव पहिल्या फळीत येते.

खऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या थव्यात कोण कुठे आहे, हे मात्र बराच काळ कोणी मोजलेच नव्हते. कारण अडचण भलतीच होती. रोममध्ये हिवाळ्यात लाखो स्टार्लिंग पक्षी येतात. हे साळुंकीच्या कुळातले. आपल्याकडे हिवाळ्यात येऊन संध्याकाळी जलाशयांवर नक्षी काढणाऱ्या भोरड्या त्यांच्या जवळच्या नातलग. रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकासमोर पालाझ्झो मास्सिमो हे संग्रहालय आहे. त्याच्या छपरावर आंद्रेआ काव्हान्या, इरेने ज्यार्दिना, ज्योर्जिओ पारिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ मीटर अंतरावर कॅमेरे लावले. दोन डोळ्यांनी जसे अंतर कळते तसे दोन चित्रांवरून प्रत्येक पक्ष्याची जागा काढायची होती. पण डावीकडच्या चित्रात हजारो काळे ठिपके, उजवीकडच्यातही हजारो. यातला कोणता त्यातला कोणता? ही जोडणी करणारी गणितेच आधी तयार करावी लागली. सर्वांत मोठ्या थव्यात सुमारे २,६०० पक्षी होते.

२००८ मध्ये निकाल छापला गेला आणि सगळ्यांच्या वर्तुळाला तडा गेला. पक्षी ठरावीक अंतरातल्या सगळ्यांकडे पाहत नव्हता. थवा दाट असो वा विरळ, तो जवळच्या सहा-सात जणांशीच जुळवून घेत होता. यात शहाणपण आहे: ससाणा आला आणि थवा फाकला, तरी सहा शेजारी राहतातच. वर्तुळाच्या हिशेबाने मात्र फाकलेल्या थव्यातला पक्षी एकटा पडला असता. २०१० मध्ये याच गटाने दाखवले की एका पक्ष्यातला बदल किती दूरपर्यंत जाणवतो ते अंतर थव्याच्या आकाराबरोबर वाढते. २०१४ मध्ये वळण थव्यातून कसे पसरते ते मोजले गेले. सुरुवात एकमेकांजवळच्या मोजक्याच पक्ष्यांकडून होते, आणि बातमी सेकंदाला २० ते ४० मीटर वेगाने, वाटेत न विरता, पलीकडे जाते. साध्या प्रारूपात ती असे सरळ धावत नाही, म्हणून त्यात वळण्याची जडता घालावी लागली. सेलसला जे मनांचे एकत्व वाटले होते, त्याला आता मीटर आणि सेकंद मिळाले. पारिसी यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते अव्यवस्थित प्रणालींवरच्या कामासाठी.

विचेक यांच्या गटाने तोवर कण हवेत सोडले होते. २०१४ मध्ये दहा ड्रोन मध्यवर्ती नियंत्रणाशिवाय थव्याने उडाले, २०१८ मध्ये तीस. संदेश पोहोचायला लागणारा उशीर आणि वाऱ्याचे धक्के यांमुळे कागदावरचे सुटसुटीत नियम पुरत नाहीत. एका थव्यासाठी अकरा आकडे उत्क्रांतीच्या धर्तीवर चाळून ठरवावे लागले.

टोळांची गोष्ट सुरुवातीला प्रारूपाच्या बाजूची होती. जेरोम बूल, इयन कझिन, स्टीफन सिम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वाळवंटी टोळांची पंख न फुटलेली पिल्ले एका गोल रिंगणात सोडली. थोडी असताना ती कशीही भटकत. चौरस मीटरला पंचवीस ते साठ झाली की सगळी एका दिशेने गोल फिरत, मध्येच अचानक उलटी फिरत. चौरस मीटरला सुमारे ७४ च्या वर गेली की दिशा ठरे आणि प्रयोगाच्या आठ तासांत बदलत नसे. विचेक-त्सिरोक यांच्या कणांचे एका रेषेवरचे रूप हेच सांगत होते. दोन वर्षांनी एक खडबडीत तपशील कळला. मागून स्पर्श झाल्याचे कळवणारी पोटाची नस कापली की टोळ चालेनासे होत आणि मागचे त्यांना कुरतडत. पुढे जाण्यामागे सहमतीपेक्षा मागच्याच्या जबड्याची भीती असावी.

२०१९-२० मध्ये पूर्व आफ्रिकेत टोळांचा मोठा उद्रेक झाला. त्याच लाटेतले टोळ राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांत उतरले, आणि काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत शेतकरी थाळ्या-डबे वाजवत उभे राहिले. केनियात त्याच वर्षी संशोधक चालणाऱ्या पिल्लांच्या फौजा मोजत होते. सेर्जान सायिन, कझिन आणि सहकाऱ्यांचा लेख ‘सायन्स’मध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. त्यांनी टोळाभोवती संगणकाने काढलेले आभासी टोळ चालवले, जिवंत टोळाला खरे वाटतील असे. विचेकच्या नियमाने डाव्या-उजव्या बाजूंनी दोन फौजा एकाच दिशेने चालल्या असतील तर मधल्या टोळाने त्यांच्या सोबत सरळ चालायला हवे. तो तसे करत नाही. तो एका बाजूला वळतो आणि त्या फौजेकडे चालू लागतो. शेजाऱ्याच्या दिशेची सरासरी तो काढत नाही. त्याला शेजारी दिसतो, आणि तो त्याच्याकडे जातो.